आग्नेयेकडे तोंड

बकाराम हेडाऊची मागची खोली पाडायला
दोन दिवस म्हणाला होता ठेकेदार. आज सहावा.
ड्रिलचं टोक तिसऱ्यांदा मोडलं
तेव्हा त्याचा पोऱ्या मशीन बंद करून म्हणाला,
"काका, हे काय बांधून ठेवलं बाप्पा?
पाचपावलीत तोफ ठेवायची होती काय?"

मी चहा सांगितला.

भिंत अडीच हात जाड. छत त्याहून.
खिडकी म्हणावी तर वीतभर उंच, आडवी,
आतून अरुंद, बाहेर पसरत गेलेली,
उन्हात कुणी डोळे बारीक करावेत तशी.
तोंड आग्नेयेला. होकायंत्र लावून धरलेली दिशा,
गल्लीतल्या एकाही घराशी न जुळणारी.
त्यापायी न्हाणी तिरपी झाली,
लुगडं वाळत घालायची तार तिरपी,
आणि काकू जन्मभर म्हणत राहिली,
सरळ माणसाचं घर वाकडं.

बेचाळीस साली तो पोर्ट ब्लेअरला
पीडब्ल्यूडीत मिस्त्री होता.
साहेब बोटीनं निघून गेले, दुसरे साहेब बोटीनं आले.
नव्यांनी त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले
आणि टेकडीवर नेलं.
एवढं तो सांगायचा. पुढे फक्त वाळूचं:
"समुद्राची वाळू घेऊ नका म्हटलं, ऐकलं नाही.
खाऱ्या वाळूचं काँक्रीट घाम सोडते गा,
आतलं लोखंड आतल्या आत खाते.
आपल्या कन्हानची वाळू गोड."
आणि बोट चाटून दाखवायचा आम्हाला, खरंच.

तोफ कुठे रोखली होती, काका?
पाण्यावर.
कोण येणार होतं?
पहिले साहेब.
मग आपण कुणाच्या बाजूनं?
तो खळीत सूत बुडवत राहायचा.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात परतला, हाडं आणि एक ट्रंक.
माग लावला. दर दिवाळीला दोन पोती सिमेंट,
नऊ वर्षं लागली खोलीला.

मला एकदा सायकलच्या दांडीवर बसवून
झिरो माइलला घेऊन गेला.
दगडावरची गावं मी मोठ्यानं वाचली,
हैदराबाद, जबलपूर, शिवनी.
"समुद्र किती आहे, ते पाय."
समुद्र लिहिलेला नव्हता.
"बरं झालं," म्हणाला,
आणि त्या रात्रीही फटीशी जाऊन बसलाच.

मे महिन्यात, सारं नागपूर तव्यावर असताना,
आम्ही दहा पोरं त्या खोलीत झोपायचो, इतकी थंड.
फटीतून निखाऱ्यांची म्हैस दिसायची.
पुढे निखाऱ्यांनी भिंत घातली, मग भिंतच दिसायची.
तो पहारा देत होता की वाट पाहत होता,
हे विचारायची अक्कल मला आली
तोवर त्याला ऐकू येईनासं झालं होतं.

शेवटच्या तापात मात्र बोलला, छताकडे बघत:
"थांबवा म्हटलं. झिबल खाली आहे म्हटलं.
भाषा येत नव्हती ना.
वरून ओतूनच राहिले."
कोण झिबल, काकूला माहीत नव्हतं.

आज चार वाजता समोरची भिंत फुटली.
पोऱ्यानं हाक मारली.
काँक्रीटच्या पोटात एक धोटा.
सागवानी, टोकांना पितळ, कांडीवर अजून लाल सूत.
फेकलेला नव्हता. आडवा, नीट निजवलेला,
खाली उशीसारखी मूठभर वाळू,
पांढरी, कन्हानची नव्हे.

मी बोट लावून चाटलं.
पोऱ्या माझ्याकडे बघत राहिला.
मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाला,
"मशीन लावू का, काका?"

थांब, म्हटलं.